सुरतेहून सुटका

सुरतेत नोकरी लागायला एक फोन पुरतो. सोडायला मात्र सगळं गणगोत लागतं. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडचा पोरगा तापी लाइनच्या गाडीने येऊन उधन्याला उतरतो, मावशीकडे पिशवी टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी मावशीच्या दिरांच्या ओळखीने डाइंग मिलमध्ये नाहीतर रिंग रोडच्या कापड मार्केटात ताके मोजायला उभा राहतो. नेमणुकीचं पत्र वगैरे भानगड नसते. मावशीचे दीर हेच नेमणुकीचं पत्र.

त्यामुळे राजीनाम्याचा पहिला प्रश्न असा, की तो द्यायचा कोणाला? शेठला दिला तर दिरांचा अपमान होतो. दिरांना आधी सांगितलं तर ते रात्रीतून मावशीला सांगतात, मावशी अमळनेरला बहिणीला सांगते, आणि सकाळी पोरगा कामावर पोचायच्या आत गावाहून वडिलांचा फोन येतो : "काम कसाले सोडस भो?" शेठला अजून पत्ता नसतो. गावातल्या किराणा दुकानदाराला मात्र पुढच्या नोकरीचा पगारसुद्धा कळलेला असतो.

हा घोळ टाळायला लोकांनी एक सोपा मार्ग काढला आहे. सोडायचंच नाही, नुसतं गावी जायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेला माणूस आंब्याचा रस खाऊन, बहिणीचा झोका ढकलून परत येतो, किंवा येत नाही. आला तर नोकरी चालू, नाही आला तर राजीनामा. दिवाळीचंही तसंच. सुरतेची बाजारपेठ दिवाळीला बंद होते आणि लाभपंचमीला मुहूर्त करून उघडते. त्या दिवशी शेठ पूजा करता करता तिरक्या नजरेने माणसं मोजतात. कोण सोडून गेलं हे कळायची अधिकृत तारीख तीच. बाकीच्या जगात राजीनाम्यावर सही असते. इथे गैरहजेरी असते.

शेठलोकही काही कमी नाहीत. माणूस न सांगता जाणार हे धरूनच ते हिशोब मांडतात. थोडा पगार कायम अंगावर ठेवायचा, म्हणजे जाणारा निदान तो न्यायला तरी येईल. जाणाराही हुशार असतो. तो आधी लग्नासाठी उचल घेतो आणि मग जातो. दोघंही एकमेकांचे पैसे अडकवून ठेवतात आणि या व्यवस्थेला दोघंही "विश्वास" म्हणतात.

हे झालं साध्या माणसाचं. शिकलेल्या मराठी माणसाची अडचण निराळी. त्याला सोडताना कारण सांगायची हौस फार. पगार कमी होता म्हणून निघालो, एवढं सांगून तो थांबत नाही. तत्त्व आडवं आलं पाहिजे. ही परंपरा थोरामोठ्यांची आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1879 साली सरकारी मास्तरकी सोडली, ती स्वतंत्र शाळा काढायला; 1880 च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. त्याच शाळेतून डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, आणि 1890 च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. तोही कसा, तर मुद्देसूद, संदर्भांसहित, लांबलचक. सभासदांनी बाहेरची कामं करून पैसे मिळवावेत की नाही, संस्थेचा मूळ उद्देश काय, कोण त्यापासून कसं ढळलं, सगळं त्यात आहे. टिळकांना ते शोभलं. पुढे त्यांच्या हातून तेवढं मोठं काम व्हायचं होतं. आपण मात्र साड्यांच्या दुकानातली हिशोबनिशी सोडून शेजारच्या मार्केटात जाणार असतो, आणि त्यासाठी चार पानी पत्र लिहून त्यात "वैचारिक मतभेद" असा शब्द घालतो. शेठ ते पत्र उलटसुलट बघतात आणि विचारतात, "आमां रकम क्यां लखी छे?"

टिळकांचा विषय निघाला आणि गाव सुरत असेल तर 1907 टाळता येत नाही. त्या वर्षी काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं, ते सुरतेला हलवलं गेलं. डिसेंबरच्या 27 तारखेला, तापीकाठच्या फ्रेंच गार्डनच्या मांडवात, अध्यक्ष रासबिहारी घोष बोलायला उभे राहिले आणि टिळक आपली सूचना मांडायला व्यासपीठावर येऊन हाताची घडी घालून उभे. खाली बसा म्हटलं तर बसेनात. गोंधळ वाढला आणि एक जोडा हवेतून आला. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्याने त्या जोड्याचं वर्णन असं केलं आहे, की चांभारानेही मान डोलवावी : तांबूस कातडं, टोकदार पुढा, तळाला शिसं ठोकलेलं. आणि जोडा मराठी, हेही त्याने नमूद केलं. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून तो फिरोजशहा मेहतांवर आदळला. पक्ष दुभंगला.

संस्था कशी सोडू नये याचा एवढा नीट नोंदलेला नमुना दुसरा सापडणं कठीण. पण त्याच वर्णनात एक गोष्ट आहे, ती जोड्याच्या आवाजात कोणाला ऐकू येत नाही. टिळकांवर माणसं धावून आली तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांना आडवे झाले ते गोपाळ कृष्ण गोखले. हे गोखले टिळकांचे जुने सहकारी, त्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीतले. टिळक बाहेर पडल्यावरही ते तिथेच राहिले आणि 1902 साली फर्ग्युसन कॉलेजातून रीतसर निवृत्त झाले. मतभेद म्हणाल तर सोळा आणे. तरी वेळ आली तेव्हा हात पुढे झाले. पुढे 1916 साली लखनौला दोन्ही बाजू पुन्हा एका मांडवात आल्या. तोवर गोखले आणि मेहता, दोघंही आदल्याच वर्षी गेलेले होते. ज्याच्याशी सगळं तोडून आपण निघतो त्याची नंतर गरज लागते, आणि तेव्हा तो असेलच असं नाही. एक्झिट इंटरव्ह्यूच्या कोणत्याही फॉर्मात हे वाक्य छापलेलं नसतं.

सुरतेच्या शेठलोकांना आपला त्याहून जुना इतिहास पाठ आहे. मराठी माणूस नोकरी सोडतो म्हणाला, की एखादे विनोदी शेठ हटकून म्हणतात, "तमे मराठा लोको! पहेलां पण आम ज. कह्या वगर आव्या, ने कह्या वगर गया." अशा वेळी गोरंमोरं व्हायचं कारण नाही. नम्रपणे सांगावं, की शेठ, जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी शहरात शिरण्याआधी रीतसर निरोप पाठवला होता. मोगल अधिकारी इनायतखान आणि हाजी सय्यद बेग, बहर्जी बोहरा, हाजी कासम या मोठ्या व्यापाऱ्यांनी समक्ष येऊन बोलणी करावीत, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे नोटीस होती. बैठकीला कोणी आलं नाही. इनायतखान तर शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. न सांगता जागा सोडणारा त्या आठवड्यात कोणी असेल तर तो. शेठ यावर मनापासून हसतात आणि चहा मागवतात. उचलीचा हिशोब मात्र विसरत नाहीत.

अलीकडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जून 2022 मध्ये महाराष्ट्रातले काही आमदार रातोरात सुरतेच्या डुमस रस्त्यावरच्या हॉटेलात येऊन उतरले आणि पुढे गुवाहाटीला गेले. 29 जूनला मुख्यमंत्र्यांनी फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला. कोणी कोणाला सोडलं याचा खल मग सर्वोच्च न्यायालयात आणि विधानसभा अध्यक्षांपुढे कितीतरी काळ चालला. त्यावर आपण कशाला बोलावं? एवढंच दिसतं, की सोडण्याचे कागद नीट नसले की दोन्ही बाजूंना वकील लागतात. आमदारांना ते परवडतात.

आता प्रत्यक्ष प्रसंग. मनाशी पंधरा दिवस भाषण घोकून मराठी माणूस शेठच्या गादीपाशी जातो. शेठ पहिल्या वाक्यालाच म्हणतात, "बेस ने, भाई. शुं थयुं? कोईए कंई कह्युं?" आपलं भाषण उभ्याने करायचं असतं, त्यामुळे तिथेच अर्धी हवा जाते. मग चहा. मग "आपण तर घरना माणस" हे वाक्य. पगारवाढ मागताना जे घर कुठे सापडत नव्हतं ते आता दारं-खिडक्यांसकट समोर येतं. आणि शेवटी खरा प्रश्न : "ए लोको केटला वधारे आपे छे?"

इथे मराठी माणूस दुखावतो. त्याला अपमान, स्वाभिमान, मुलांचं भवितव्य यांवर बोलायचं असतं आणि समोरचा आकडा विचारत असतो. शेठच्या दृष्टीने त्यात काही वावगं नसतं. सुरतेत निघून जाणं हा व्यवहार आहे, आणि व्यवहाराला भाव असतो. भाव जुळला तर बसा, नाही जुळला तर फरी मळशुं. रुसवा कोणाच्याच खात्यावर मांडला जात नाही. आपण मात्र शेठने आकडा वाढवला तर "आधी का नाही दिला" म्हणून चिडतो, आणि नाही वाढवला तर "एवढीच किंमत केली" म्हणून. दोन्हीकडून घरी येऊन जेवत नाही.

या बाबतीत शिकावं ते कतारगाम-वराछाच्या हिरेबाजारात. तिथला कारागीर किंवा असॉर्टर काम सोडतो तेव्हा त्याच्या हातातली पाकिटं परत घेतली जातात आणि तोलली जातात. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट, आणि वजन सेंटापर्यंत बघायचं. मेळ बसला, की कोणी विचारत नाही तुम्ही का चाललात. आईच्या आजारपणाचा दाखला नको, तत्त्वाचं पत्र नको. आणि मेळ बसला नाही तर जगातलं कोणतंही कारण चालत नाही. हे वजन सांभाळलेल्या माणसाला दुसरीकडे काम लागायला वेळ लागत नाही, कारण या बाजारात माणसाची चौकशी कागदावर होत नाही, तोंडातोंडी होते, आणि माणूस जिना उतरायच्या आत ती रस्त्यापलीकडे पोचलेली असते.

हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यांपासून वेसूच्या काचेच्या इमारतींपर्यंत आता एचआर नावाचं खातं आलं आहे. तिथे नोटीस पीरियड असतो. पुढे जायचं ठरलेला माणूस तीन महिने मागे बसून राहतो. पहिल्या आठवड्यात सगळे त्याच्याकडे आदराने बघतात, दुसऱ्या आठवड्यात त्याची खुर्ची बघतात. जेवणाच्या ग्रुपमधून त्याच्याशिवायचा एक ग्रुप तयार होतो. मग एक्झिट इंटरव्ह्यू. समोरची मुलगी गोड हसून विचारते, "सर, मोकळेपणाने सांगा, आम्ही कुठे कमी पडलो?" मराठी माणसाची खरी परीक्षा इथे. इतकी वर्षं कोणी न विचारलेला प्रश्न आत्ता विचारला जातो, आणि आतून चिपळूणकर आणि टिळक एकदम उठून उभे राहतात. त्यांना तिथेच बसवावं. त्या मुलीनेही कालच राजीनामा टाकलेला असतो.

नोटीस आणि बाँड ही हल्लीची पद्धत आहे असं मात्र कोणी समजू नये. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीत आलेल्या पोराला, म्हणजे कंपनीच्या कारकुनाला, वर्षाला 10 पौंड मिळत आणि त्यासाठी करार आणि जामीन दोन्ही द्यावे लागत. पगार कमी, म्हणून सगळे कंपनीच्या नाकाखाली स्वतःचा धंदा करत. आजच्या भाषेत साइड बिझनेस. वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सिंडेन, 1664 च्या स्वारीत वखार लढवणारा, 1669 साली सुरतेतच मेला. त्याच्या जागी आलेला जेराल्ड आँजिए 1677 साली, तोही सुरतेतच. कतारगामच्या इंग्रजी कबरस्तानात ऑक्सिंडेनची दुमजली घुमटदार कबर अजून उभी आहे. "ही कंपनी म्हणजे माझं घर" म्हणणाऱ्याने ती एकदा बघून यावी. कंपनी माणसाला शेवटी काय बांधून देते, ते तिथे दिसतं. आणि तेसुद्धा फक्त वरच्या साहेबाला.

थोडं पैशाचंही बोलू, कारण तत्त्वाच्या भरात ते नेमकं राहतं. ग्रॅच्युइटीचा मूळ कायदा 1972 चा; नोव्हेंबर 2025 पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कायम नोकरीत सलग 5 वर्षं भरली, की दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो, आणि महिना 26 दिवसांचा धरतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 असेल तर एका वर्षाचे 15,000, दहा वर्षांचे दीड लाख. पाच वर्षं भरायला काही महिने उरलेले असताना माणूस कॅन्टीनच्या चहावरून भांडून निघतो तेव्हा तो चहा त्याला पंचाहत्तर हजारांना पडतो. पीएफचा यूएएन नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो. रागाच्या भरात ते पैसे काढून मोटरसायकल घेऊ नये, नव्या नोकरीत वळते करावेत. आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता सांगते, की राजीनामा दिलेल्याचा राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. दोन दिवसांत! हे वाचून दाखवलं तेव्हा एका वयस्कर मुनीमजींना हसता हसता ठसका लागला. तरी कायदा कायदा आहे. त्याचा कागद खिशात असू द्यावा, हातात नको.

राहता राहिला सोडून करायचं काय, हा प्रश्न. नोकरीतून नोकरीत गेला तर घरचे समजून घेतात. धंदाच बदलतो म्हणालात, की दिवाणखान्यात सभा भरते. मिलमधला सुपरवायझर खानदेशी शेवभाजीचं दुकान टाकणार म्हणतो तेव्हा सासरे विचारतात, "मग पोरीच्या लग्नात जावई काय करतात म्हणून सांगायचं?" एक काका मात्र हमखास बाजूने उभे राहतात. त्यांच्याकडे एकच दाखला असतो : जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतचे सी. आर. पाटील सुरतेत पोलीस कॉन्स्टेबल होते, आणि 2024 साली केंद्रात जलशक्ती मंत्री झाले. दाखला खरा आहे. मधल्या पन्नासेक वर्षांत काय काय झालं ते काका सांगत नाहीत, आणि शेवभाजीत कोणतं खातं मिळतं तेही नाही.

सुरतेला मात्र धंदा बदलणाऱ्याचं नवल वाटत नाही. 2008 च्या मंदीत हिरे घासायच्या घंट्या थांबल्या तेव्हा कितीतरी रत्नकलाकार एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर आणि लूमवर गेले. बाजार सुधारल्यावर काही परत आले. ज्यांच्या जुन्या शेठशी नमस्कार-चमत्कार शाबूत होता त्यांना जुनी घंटी मिळाली. इथले पुष्कळ शेठ स्वतः एके काळी घंटीवर बसलेले आहेत. अमरेली जिल्ह्यातल्या दुधाळ्याहून आलेले सावजी ढोलकिया त्यांतलेच. कामगारांना दिवाळीला मोटारी वाटल्या म्हणून ते देशाला ठाऊक झाले. त्यांनी 2016 साली आपल्या मुलाला थोडे पैसे देऊन कोचीला पाठवलं, महिनाभर कष्टाची कामं करायला. अट अशी, की वडिलांचं नाव सांगायचं नाही आणि एका ठिकाणी आठवड्याहून जास्त टिकायचं नाही. म्हणजे शेठच्या मुलाला नोकरी मिळवण्याइतकंच ती सोडण्याचंही शिक्षण. आपल्याकडे बाप मुलाला फक्त चिकटायला शिकवतो.

तेव्हा निघणाऱ्याला सांगणं एवढंच. पत्र दोन ओळींचं लिहा : अमुक तारखेपासून काम सोडत आहे, शिकायला मिळालं, आभारी आहे. कारण विचारलं तर "जरा वेगळं करून बघतो" म्हणा आणि गप्प बसा. उचल फेडा, चाव्या द्या, उधारीवाल्या पार्ट्यांची यादी नव्या माणसाला बसवून समजावून सांगा, त्याला तुमची खुर्ची मिळाली म्हणून त्याच्यावर दात धरू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून रात्री अकराला गुपचूप बाहेर पडू नका. सकाळी चार शब्द लिहून पडा. जुन्या मालकाची गिऱ्हाइकं फोडून नवा धंदा सुरू करू नका, कारण उद्या तुमच्याकडेही कोणीतरी नोकरीला असणार आहे आणि तो हे सगळं बघून शिकतो. महाराज आग्र्याहून मिठाईच्या पेटाऱ्यांतून निघाले, कारण दारावर औरंगजेबाचा पहारा होता. तुमच्या दारावर फक्त वॉचमन आहे. घारीचा एक पुडा आणा, शेठपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाटा, आणि भर दुपारी पुढच्या दाराने बाहेर पडा.